सहाव्या मजल्यावरची झडप

पॅरिसला जाऊन मी उकाड्याने बेजार झाले, हे आमच्या चेन्नईतल्या मैलापुरात कोणालाही सांगितलं की आधी हसणं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कामाक्षीमामींचा तर अजून विश्वास बसलेला नाही. त्यांच्या मते परदेश म्हणजे बर्फ, स्वेटर आणि बोलताना तोंडातून निघणारी वाफ. मी म्हटलं, मामी, घरात एसी तर नव्हताच, पण छताला पंखासुद्धा नव्हता. यावर मात्र त्यांनी मान वर करून आपल्या पंख्याकडे बघितलं. एसी नसलेलं घर त्यांना माहीत आहे, त्यांचं स्वतःचंच तसं आहे. पण पंखा नसलेलं घर म्हणजे न्हाणी नसलेलं घर, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

तर ही हकीकत २००३ सालच्या ऑगस्टची. तिथली चित्रं, पूल, बागा यांच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. शिवाय या प्रवासात माझ्या हातून एक घोडचूक झाली. ती सांगितल्याशिवाय बाकीचं कौतुक सांगायला मला तोंड नाही.

आधी माझ्याबद्दल. माहेर अमरावतीचं. लग्न होऊन मद्रासला आले ती इथलीच झाले. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन चार वर्षं झाली. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. आता मैलापुरात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. एकटी म्हणजे नावाला. पहाटे दूधवाला दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातो. साडेसहापर्यंत ती पिशवी आत गेली नाही, तर कामाक्षीमामी जिना चढून येतात आणि दार बडवतात. एखाद्या रविवारी जरा उशिरा उठावं म्हटलं तर सोय नाही. यावरून मी त्यांच्यावर किती वेळा चिडले असेन त्याला गणती नाही.

माझी मुलगी मृणाल पॅरिसमध्ये एका प्रयोगशाळेत संशोधन करते. जावई त्या महिन्यात कामासाठी कॅनडाला जाणार होते, म्हणून तिने मला सोबतीला बोलावलं. निघायच्या आधी फोनवर म्हणाली, आई, यंदा इथे जरा जास्तच गरम होतंय. मी हसले. म्हटलं, अगं, आमच्याकडे कत्तिरीचे दिवस, म्हणजे मे महिन्यातलं ते कडक ऊन, पस्तीस वर्षं काढलीत मी. मला काय गरम शिकवतेस! सहा सुती साड्या, एक छत्री आणि पुदिन्याचं चूर्ण घेऊन मी विमानात बसले.

छताकडे बघताना

मृणालचं घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट एवढीशी की मी आणि माझी पेटी एकदम मावलो नाही. पेटी आधी गेली, मी मागून. घर नेटकं, उत्तरेच्या बाजूचं, दोन खोल्या आणि चिंचोळं स्वयंपाकघर. जेवून आडवी झाले आणि सवयीने वर बघितलं. छताला मधोमध चुन्याचं सुंदर फूल कोरलेलं होतं आणि त्या फुलातून लोंबत होता एक दिवा. पंखा नाही! मी मृणालला हाक मारून विचारलं, पंखा कुठे आहे. ती म्हणाली, इथे कोणाच्याच घरी नसतो. टेबलफॅन घ्यायला गेले होते, पण गावातले सगळे पंखे विकले गेलेत, दुकानदार म्हणतो पुढच्या महिन्यात या.

पारा चाळिशीच्या आसपास होता. चाळीस हा आकडा ऐकून मी मान डोलावली होती, पण त्या आकड्याला पंख्याशिवाय भेटायची माझी पहिलीच वेळ. आमच्याकडे घाम येतो, वारा लागतो, घाम वाळतो, असा दिवसभर व्यवहार चालू असतो. इथे हवा अशी कोरडी की घाम आलेला कळायचा नाही आणि ओठ मात्र तडकायचे. सकाळी आणलेला लांबोडका पाव संध्याकाळपर्यंत काठीसारखा कडक. लोणी बशीत पातळ होऊन पसरलेलं. भिंती दगडी, जाड, थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या. त्यात एकदा शिरलेलं ऊन बाहेर जायचं नावच घेत नव्हतं.

पण मी हार मानणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दह्याचं पातळ ताक करून त्यात मीठ आणि आलं घालून बाटल्या भरल्या. मृणाल ती बाटली घेऊन कामाला जाऊ लागली आणि चौथ्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेतल्या तिघांनी त्याची कृती मागितली. मी छत्री उघडून भर उन्हात फिरायला निघाले तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाऊस नसताना छत्री का, हे त्यांना कळेना. स्वतः मात्र बागेतल्या कारंज्यात पाय सोडून बसले होते, कोट-टायवाले साहेबसुद्धा. मीही साडी घोट्याच्या वर घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. कोणी सरकून जागा दिली, कोणी हसलं. तेवढ्यात मला पॅरिस आवडून गेलं.

एका गोष्टीवरून मात्र आम्हा मायलेकींचं रोज वाजायचं. तिकडे खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात. सकाळी आठ वाजले की मृणाल झडपा ओढून घ्यायची, काचाही बंद करायची, आणि घरात अंधार गुडूप. मला ते बघवेना. सुतक असल्यासारखं काय बसायचं? ती कामाला गेली की मी दुपारी एक वाजता सगळं सताड उघडायचे. कारण मैलापुरात एकच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो. ऑटोवालासुद्धा मान बाहेर काढून म्हणतो, कडल काट्रु आलं, दर्याचा वारा आला. मीही शाळेत शिकवलंय सगळं: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. मृणाल संध्याकाळी आल्या आल्या कपाळाला हात लावायची. म्हणायची, "आई, तू सुम्मा बस ना गं." सुम्मा म्हणजे आमच्या चेन्नईच्या भाषेत नुसती, उगीच काही न करता. जन्मात मी सुम्मा बसलेली नाही, हे तिलाही माहीत होतं.

दार न वाजवणारी इमारत

ऑगस्टात अख्खं पॅरिस सुट्टीवर जातं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. बेकरीच्या दारावर चिठ्ठी, न्हाव्याच्या दारावर चिठ्ठी, इमारतीची देखरेख करणारी बाईसुद्धा महिनाभर गावी. बारा बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत फक्त दोन घरांत माणसं उरली होती. एक आमचं आणि दुसरं बरोबर आमच्या वरचं, सहाव्या मजल्यावरचं. लिफ्ट पाचव्यापर्यंतच जायची, वर जायला अरुंद जिना.

तिथे मादाम ओदेत राहायच्या. वय एक्क्याऐंशी, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. आमची पहिली भेट म्हणजे चक्क झटापट झाली. जिन्यात एक वाळकुडी बाई पिशवी घेऊन धापा टाकताना दिसली. मी आपली नेहमीच्या सवयीने पुढे होऊन पिशवी हातात घेतली. त्यांना वाटलं मी चोर. त्यांनी पिशवी ओढली, मी म्हटलं अहो द्या ना, तेही मराठीत, आणि मीही ओढली. पिशवीतून एक पीच उडून टप टप करत चौथ्या मजल्यापर्यंत गेलं. ते आणायला मी खाली धावले आणि परत वर आले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. चोर काही चोरलेलं पीच परत आणून देत नाही.

मृणालला हे सांगितलं तर तिने डोळे मोठे केले. दोन वर्षं त्या घरात राहून तिला वरच्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. इथे असं कोणाच्या घरी जात नाहीत, आधी विचारतात, असं तिने मला समजावलं. मी दुसऱ्या दिवशी दहीभाताची वाटी घेऊन वर गेले.

तिकडे पांढऱ्या दाटसर भाताची वाटी दिसली की माणसाला गोड खीर आठवते. मादामनी आनंदाने मोठा घास घेतला आणि दाताखाली मिरची आली. डोळ्यांतून पाणी काढत, पण एक शीत न टाकता, त्यांनी वाटी संपवली. काय म्हणायचं या शिष्टाचाराला! दुसऱ्या दिवशी वाटी घासून पुसून परत आली ती रिकामी नाही, तिच्यात तीन पिकलेले जर्दाळू. रिकामं भांडं परत करायचं नसतं ही रीत त्यांच्याकडेही आहे, हे बघून मला फार बरं वाटलं. त्यांना इंग्रजीचे दहा शब्द येत होते, मला फ्रेंचचे चार. त्यांच्याकडे एक जुना नकाशांचा ग्रंथ होता. त्यात त्यांनी मला आपलं गाव दाखवलं, मी त्यांना चेन्नई दाखवलं आणि अमरावतीवर बोट ठेवलं, जिथे त्या नकाशात काहीच छापलेलं नव्हतं. असे आमचे तास जायला लागले.

आमची इमारत मागच्या चौकाशी काटकोनात वळली होती. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातून मान वर केली की मादामची पश्चिमेची खिडकी दिसायची. पहाटे उघडी असायची. सकाळी आठला एक आकडीवाली काठी बाहेर यायची आणि दोन्ही झडपा हळूहळू ओढून घ्यायची. मग दिवसभर बंद. माझ्या जिवाला ते लागून राहिलं. डोक्यावर जस्ताच्या पत्र्याचं छप्पर, आणि म्हातारी बाई आत अंधारात कोंडून बसलेली!

बुधवारी दुपारी एक वाजता

त्या बुधवारी मी ताकाची बाटली घेऊन एक वाजता वर गेले. मादाम अंधारात खुर्चीवर बसल्या होत्या, पाय परातीतल्या पाण्यात. चेहरा उतरलेला. हवा कोंदलेली. मला राहवेना. मी खिडकीकडे गेले आणि खुणेने सांगितलं, थांबा, आता बघा कसा वारा येतो. त्या "नो, नो" म्हणाल्या. हात वर करून काहीतरी समजावूही लागल्या. पण तीस वर्षं वर्गाला गप्प केलेली बाई मी, मी कुठली ऐकतेय! झडपा ढकलून पार भिंतीला टेकवल्या, वाऱ्याने आपटू नयेत म्हणून बाहेरच्या लोखंडी आकड्यांत घट्ट अडकवल्या. वारा आरपार खेळावा म्हणून दारही उघडं ठेवलं आणि त्याच्या फटीत वर्तमानपत्राची घडी सारली. उजेड भसकन आत आला आणि मादामच्या पलंगावर पसरला. मी त्यांच्या हातात ताक दिलं, पाठीवर थोपटलं आणि मोठं पुण्य केल्यासारखी खाली येऊन झोपले.

वारा काही आला नाही. कुठून येणार? समुद्र तिथून पाऊणदोनशे किलोमीटर लांब. हा धडा मी दर वर्षी दोन तुकड्यांना शिकवला होता: समुद्र जवळ असेल तरच खारे वारे. माहीत सगळं होतं, पण अंगाला लागलेली सवय डोक्यातल्या भूगोलाला विचारत नाही.

संध्याकाळी मृणाल आली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "आई, मादामची झडप उघडी कशी?"

"मी उघडली," मी म्हटलं. "एक वाजता."

हातातला पेला ठेवून ती धावतच जिन्याकडे गेली, आणि मी तिच्या मागे. सहा तास. त्या खिडकीत दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत सरळ ऊन येतं. त्या आकड्यांपर्यंत मादामचा हात पोचत नाही, काठीही नाही. हे सगळं मला जिना चढता चढता कळलं.

तिकडची दारं नुसती ओढली तरी कुलूप लागतं. वर्तमानपत्राची माझी ती घडी फटीत होती म्हणून आम्ही आत जाऊ शकलो. मादाम खुर्चीच्या पायाशी जमिनीवर होत्या, भिंतीला टेकलेल्या. चेहरा लालबुंद, कातडी कोरडी ठणठणीत, डोळे अर्धवट. मृणालने हाक मारली तर ओठ हलले, शब्द कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली.

तिकडे असं काही झालं की आगीच्या बंबाच्या माणसांना बोलावतात. मृणाल फोन लावत राहिली, लागता लागेना. लागला तेव्हा त्यांनी सांगितलं, येतो, पण वेळ लागेल, सगळ्या गावातून हीच बोलावणी आहेत. तोवर त्यांना गार करा.

गार करा! त्या एका वाक्याने मी चेन्नईच्या सवयीतून उचलले जाऊन अमरावतीला पडले. आई दारात उभी राहून ओरडतेय: दारं लावा गं, झळा येतायत. नऊ वाजता खिडक्या बंद, दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर तांब्याने पाणी. आमच्या गावात मे महिन्यात दुपारी उघडी खिडकी म्हणजे गुन्हा होता, आणि पस्तीस वर्षांच्या दमट हवेने मला ते साफ विसरायला लावलं होतं. मी खिडकीबाहेर अर्धी वाकून ते आकडे सोडवले. घाईघाईत एक झडप दोनदा निसटली. मग खाली येऊन माझ्या सहाही सुती साड्या न्हाणीतल्या टबात टाकल्या.

नळ पूर्ण सोडताना क्षणभर हात अडखळला. त्या वर्षी चेन्नईत पाण्याची लॉरी दिवसाआड यायची, रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन आम्ही रांगेत उभ्या असायचो. साडी भिजवायला टबभर पाणी! पण भिजवल्या आणि वर नेल्या. एक ओली साडी खिडकीवर ताणली, एक दारावर, एक मादामच्या अंगावर. मृणाल ताटलीने वारा घालू लागली. मी ओल्या पंच्याने मान, काखा, पाय पुसत राहिले. पाजलं मात्र काही नाही, शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं. नुसते ओठ ओले करत होते. माझ्या मनात एकच गोष्ट चालू होती, की या बाईला मी मारलं. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही.

तासाभराने मादामनी ओठांवरचं पाणी जिभेने चाटलं. मग डोळे उघडले, मृणालला ओळखलं आणि स्पष्ट शब्दांत पाणी मागितलं. ते ऐकून मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

बंबवाले आले तेव्हा त्या दोन उंच पोरांना दारातल्या ओल्या साडीखालून वाकून आत यावं लागलं. त्यांनी ताप बघितला, नाडी बघितली, साडीला हात लावून बघितला आणि एकमेकांकडे बघून माना हलवल्या. त्यांचं म्हणणं मृणालने मला सांगितलं: धोका टळलाय. दवाखान्यात नेलं तर आज व्हरांड्यातच ठेवतील, तिथेही एसी नाही. खाली तुमच्याकडे गार आहे, तिथे ठेवा, आणि हे ओल्या कापडांचं चालू ठेवा. त्यांनी मादामना खुर्चीसकट उचलून पाचव्या मजल्यावर आणलं. जाताना त्यातल्या एकाने सांगितलं की आजच्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं दार, जे उघडल्यावर आत जिवंत माणूस सापडलं. ते वाक्य मृणालने मला लगेच सांगितलं नाही, दोन दिवसांनी सांगितलं.

गुरुवार

सकाळी मादाम उठून बसल्या, चहात बुडवून पावाचा तुकडा खाल्ला. मी मृणालला म्हटलं, आता त्यांना सांग. काय सांगू, तिने विचारलं. म्हटलं, हेच, की झडपा मी उघडल्या, त्या नको म्हणत असताना उघडल्या, आणि मी चुकले. ती म्हणाली, आई, राहू दे, त्यांना माहीतच आहे. मी म्हटलं, माहीत असेल, पण माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं नाही.

मृणालने सांगितलं. मादाम माझ्याकडे बघत होत्या, ऐकत होत्या. मग त्या बराच वेळ हळूहळू बोलल्या, आणि मृणाल मला सांगता सांगता मधेच थांबली. मी म्हटलं, सगळं सांग, शिव्या असतील तरी सांग.

"त्या म्हणतात," मृणाल म्हणाली, "मी झडपा बंद करून नऊ दिवस बसले होते. त्या नऊ दिवसांत माझं दार एकाच माणसाने वाजवलं. झडपा बंद असताना मेले असते, तर सप्टेंबरात लोक परत येईपर्यंत कोणाला कळलं नसतं."

मी उठून ताक करायला घेतलं. मागे मृणाल मादामचा हात धरून बसली होती, आणि तिला त्यांचं नाव माहीत होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते.

ओल्या साड्यांचं घर

पुढचे सहा दिवस मादाम आमच्याकडे राहिल्या. घराचा कारभार दोन म्हाताऱ्यांनी वाटून घेतला. झडपा त्यांच्या ताब्यात, पाणी माझ्या. पहाटे पाचला सगळं उघडायचं, आठला बंद, ऊन उतरल्यावर पुन्हा उघडायचं, ही त्यांची शिस्त मी विद्यार्थिनीसारखी पाळली. साड्या ओल्या ठेवायच्या, वारा येईल त्या दाराला ताणायच्या, ही माझी शिस्त त्यांनी पाळली. घरात पाच-सहा अंश तरी उतरले असतील. मोजायला काही नव्हतं, पण लोणी बशीत घट्ट राहू लागलं, तेवढा पुरावा मला पुरे. मादाम ताकातलं आलं काढून टाकायच्या आणि मीठ जास्त मागायच्या. गार काकडीचं दह्यातलं सूप त्यांनी मला शिकवलं. मी चाखलं आणि म्हटलं, बाई, ही तर आमची कोशिंबीर, फक्त फोडणी विसरलात. दुसऱ्या दिवशी मी फोडणी घातली. त्यांनी दोनदा घेतलं, मिरची बाजूला काढून.

सातव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, पाच मिनिटं टपोरे थेंब पडले आणि हवा एकदम उतरली. मादाम आपल्या घरी परतल्या. वर्तमानपत्रांतून मग बातम्या यायला लागल्या. त्या पंधरवड्यात बंद दारांमागे किती म्हातारी माणसं एकेकटी गेली होती, ते मृणाल मला वाचून दाखवायची. वाचताना मधेच थांबून ती वर छताकडे बघायची.

माझं परतीचं विमान जवळ आलं, तसा मला घोर लागला. मी गेल्यावर काय? तेव्हा मी मादामना कामाक्षीमामींची गोष्ट सांगितली. दाराची कडी, दुधाची पिशवी, साडेसहाची वेळ आणि मामींचं ते दार बडवणं. चित्र काढून सांगितलं, पिशवी काढली, बडवणाऱ्या मामी काढल्या, कपाळावर कुंकूसुद्धा. मादाम हसून हसून खोकल्या. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे दूधवाला नाही, पण झडप आहे. ठरलं असं, की सकाळी सातला मादाम झडप उघडणार. मृणालने स्वयंपाकघरातून बघायचं. उघडली नाही तर वर जाऊन दार वाजवायचं, न विचारता. मृणालने मान डोलावली आणि मादामनी तिच्या हातात घराची एक किल्ली दिली.

निघताना मी एक साडी त्यांच्याकडे ठेवली. निळ्या चौकड्यांची, सगळ्यांत जुनी, पाणी सगळ्यांत चांगलं धरणारी.

रविवारचा फोन

तेव्हापासून मृणालचा फोन दर रविवारी येतो, आमच्याकडे साडेदहा-अकराला, हिवाळ्यात तासभर उशिरा. आधी ती "आई, कशी आहेस" म्हणायची. आता पहिलं वाक्य एकच असतं: "झडप उघडली." मग बाकीचं, नोकरी, जावई, तिथला पाऊस. हिवाळाभर हे चाललं. फेब्रुवारीत एकदा झडप उघडली नाही म्हणून ती रात्रीच्या कपड्यांवर वर धावली, तर मादाम रेडिओ ऐकत बसलेल्या, उघडायचं विसरल्या होत्या. मृणालला त्यांनी कॉफी पाजली आणि उशिरा आल्याबद्दल रागावल्या. सात वाजून पाच मिनिटं झाली होती म्हणे.

मग यंदाचा मे आला. कत्तिरी सुरू झाली. कामाक्षीमामी महिन्यासाठी मुलाकडे बंगलोरला गेल्या. चला, रविवारची झोप मिळेल, असं मी त्यांना तोंडावर म्हटलंही. त्या रविवारी पहाटे वीज गेली. उठावंसं वाटेना, डोकं जड, घसा कोरडा. जरा पडते म्हणून पडले ती पडूनच राहिले. पंखा थांबलेला, खिडकीतून ऊन पायावर आलेलं, आणि पाय बाजूला घ्यायचाही कंटाळा. वेळ किती गेला ते कळलं नाही. उशाशी फोन वाजला.

"झडप उघडली," मृणाल म्हणाली. "आणि आई, मादामनी तुला एक विचारायला सांगितलंय. मामी गावाला गेल्यात हे मी त्यांना बोलले होते."

"काय?"

"तू दुधाची पिशवी आत घेतलीस का?"

मी अंथरुणातून दाराकडे बघितलं. अकरा वाजत आले होते. पिशवी बाहेर कडीलाच होती, आणि आमच्या मजल्यावरून तीन माणसं तरी जिन्याने खाली-वर गेल्याचं मी ऐकलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "फोन ठेवू नकोस. घेते."

भिंतीला धरून उठले, माठातलं पाणी प्यायले, आणि जाऊन दार उघडलं.